साडूंची भिंग पुसणारी सीडी

आमच्या साडूंइतका लाडावलेला जावई अख्ख्या चिखली तालुक्यात सापडणार नाही. अमडापूरच्या सासुरवाडीत पाऊल टाकलं की मला पाणी मिळतं आणि त्यांना थेट चहा. का, तर त्यांनी शोध लावला आहे! टीव्ही, टेप, सीडी प्लेअर दुरुस्त करणारा हा माणूस लग्नालाही खिशात पेचकस घेऊन जातो आणि मंगलाष्टकं चालू असताना अक्षता टाकायच्या सोडून खरखरणाऱ्या भोंग्याकडे धावतो. मग नवरीचा बाप त्यांना मिठी मारतो. मी शाळेत गणित शिकवतो. मला अजून कुणी मिठी मारलेली नाही.

सासऱ्यांचा भजनाचा प्लेअर धुळीने सारखा अडखळायचा. साडूंनी एका सीडीच्या पोटाला घरच्या कापसाची इवलीशी पुसणी चिकटवली. ती सीडी आधी साडूंच्याच आवाजात सांगते, "थांबा जी, भिंग पुसून राह्यलो," आणि मग फिरता फिरता आतलं भिंग खरंच पुसते. सासरे गावभर ऐकवत सुटले. साडूंनी पेटंट मागितलं, तेव्हाच मी म्हणालो होतो, "त्यात काय मोठं हाये? हे कोनालेबी सुचलं असतं." पेटंट कार्यालयानेही नेमकं हेच कारण देऊन अर्ज फेटाळला. पुढे कित्येक दिवस मला जेवण गोड लागत होतं.

साडूंनी अपील केलं. ते इतकं लांबलं की बाजारातून सीडीच नाहीशी झाली. सासरे म्हणाले, "जाऊ द्या आता." तर साडू म्हणाले, "विकाची कोनाले हाये, मामाजी? हे मलेच सुचलं, येवढं त्यायनं म्हनलं पायजे."

परवा धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोघांना पाटावर बसवलं. पुरणाचे धोंडे ताटात पडले आणि वकिलाचा फोन आला. अपील फेटाळलं होतं, कारण तेच. सासरे उठून आत गेले. साडू माझ्याकडे पाहून हसले, पण हसू काही ओठांवर टिकेना.

"तुमचंच खरं निघालं, भाऊ. कोनालेबी सुचलं असतं."

"मले नसतं सुचलं," मी म्हणालो. कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं.

आत सासऱ्यांनी भजन लावलं. प्लेअर एकदाही अडखळला नाही. सासूबाईंनी शेवटचा धोंडा साडूंच्याच ताटात वाढला, वर तुपाची धार धरली, आणि मी जळत जळत पाहत राहिलो. माझा सबंध जन्म गेला, पण माझं फेटाळण्याजोगंसुद्धा काही कुणाला सापडलं नाही.