जाळीमागचं उत्तर

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या घरातल्या पोरीवर. दोन हजार सहा सालच्या मार्चमध्ये, दहावीच्या पहिल्या पेपराला, सकाळी अकरा वाजता. परीक्षा केंद्रावर तिचा बाक रिकामा होता. बाकावर खडूनं तिचा नंबर लिहिलेला होता. तिचं हॉलतिकीट शाळेच्या कपाटात होतं आणि ती स्वतः अंगाला हळद लावून घरात बसली होती. वय सोळा. कायद्यात याला गुन्हा म्हणतात, गावात कार्य म्हणतात.

मी तिच्याच वर्गात होते. आज मी वाडी-वस्तीवर पत्रकं वाटत फिरते, पोरींना शाळेतून काढू नका म्हणून. लोक विचारतात, बाई, तुला एवढा राग कशाचा? तोच सांगायला बसले आहे. पण आधी भीतीचं सांगावं लागेल, कारण मला पहिल्यांदा राग नव्हता आला. पहिल्यांदा अंगावर काटा आला होता.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, डोंगरकडा गावाच्या बाजूचं, हळदीचं. थंडी सरत आली की शिवारात कढया पेटायच्या, हळद शिजायची, आणि तो ओला मातकट वास दिवस-दिवस गावावर बसून राहायचा. वस्तीत पत्र्याचा बुद्धविहार. मागच्या भिंतीला सिमेंटची जाळी, जाळीच्या पलीकडं कुणाच्या तरी तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, रचलेल्या. दहावीची आम्ही सगळी पोरं-पोरी संध्याकाळी तिथंच अभ्यासाला बसायचो. घरात एक खोली, त्यात चूल, आजारी म्हातारा आणि शेळी, वाचणार कुठं?

अभ्यास घ्यायला वस्तीतलाच एक दादा होता. हिंगोलीला कॉलेजात जायचा आणि येताना कुणाकुणाकडून जुने सराव प्रश्नसंच मागून आणायचा. आधीच्या पोरांनी पेन्सिलीनं खुणा केलेले, कडा कुरतडलेले. गाईड मात्र एकच होतं. आम्ही त्याची शिवण उसवली आणि पानं विषयवार वाटून घेतली. ज्याच्याकडं जो विषय, त्यानं त्याच्या नोट्स काढायच्या आणि बाकीच्यांना पाठ करायला द्यायच्या. माझ्याकडं भूगोल आला, तिच्याकडं विज्ञान.

लाईटचा भरवसा नव्हता. दिवेलागणीलाच जायची. एका कंदिलाभोवती इतकी डोकी जमायची, की उजेड कुणालाच पुरत नसे. मग दादानं एक पद्धत पाडली. लाईट गेली की पुस्तकं मिटायची आणि कंदील लावायचाच नाही. तो तोंडपाठ प्रश्न टाकणार, ज्याला येतं त्यानं अंधारातून उत्तर द्यायचं. नाव सांगायचं नाही, पुढं सरकायचं नाही. उत्तर जमलं की दादा म्हणायचा, "बराबर." चुकलं की नुसता गप्प बसायचा. ते गप्प बसणं फार लागायचं.

तरी मजा असायची. एक पोरगं इतिहासाच्या कुठल्याही प्रश्नाला अठराशे सत्तावन्न एवढंच सांगायचं. दादा म्हणायचा, तू जन्मलास तेव्हाबी अठराशे सत्तावन्नच चालू होतं काय रे? अंधारात हसायला कुणाला लाज वाटत नाही.

तिची उत्तरं न बघताही ओळखू यायची. आम्ही एखादा शब्द फेकून मोकळे व्हायचो. ती आधी आवंढा गिळायची, तो ऐकू यायचा, आणि मग अख्खा प्रश्न उत्तरात गुंफून पुस्तकी भाषेत पूर्ण वाक्य बोलायची. तिची जागा ठरलेली, जाळीखाली, भिंतीला पाठ लावून.

जानेवारी सरता सरता ती यायची बंद झाली. सोयरीक जमली होती. आधी परीक्षा झाल्यावर लग्न असं ठरलं होतं, मग तारीख अलीकडं ओढली. इतकी अलीकडं, की लग्न पहिल्या पेपराच्याच दिवशी आलं. मी तिच्या वडलांना विचारायला गेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, आणि हेच मला अजून जास्त खुपतं. बैलाचं दावं वळत शांतपणे समजावून सांगितलं मला.

"जावई दहावीला दोनदा बसला. निघाला न्हाई. आता आपली पोरगी पास झाली तर सोयऱ्यात त्याची मान खाली जाईल. नापास झाली तर आपली जाईल. त्याच्यापरीस बसूच नाही, व्हय का न्हाई?"

या हिशेबात चूक काढून दाखवा. मला तेव्हा काढता आली नाही. पाहुण्यांना पोरगी शिकलेली चालत होती, तिनं पुस्तक वाचलेलंही चालत होतं. फक्त पास झालेली चालत नव्हती. नववीपर्यंत शिकलेली सून हवी, दहावी निघालेली नको, कारण घरात एक दहावी न निघालेला नवरा आहे. अशा मापानं आमच्याकडं पोरी छाटतात. जातीला आणि वस्तीला यात बोल लावू नका, सगळ्या गल्ल्यांत हेच माप आहे.

त्याच आठवड्यातली गोष्ट. विहाराकडं जाताना तिच्या दारावरून गेले. कडी बाहेरून लावलेली. फटीतून पाहिलं तर ती चुलीपाशी गुडघ्यात तोंड घालून बसलेली. येतेस का विचारलं, तर मान न उचलता म्हणाली, सोडत न्हाईत. मी पुढं गेले. थोड्या वेळानं लाईट गेली, पुस्तकं मिटली, आणि दादा सवयीनं विज्ञानावर आला.

"कारण द्या. वटवाघळं अंधारातही कशाला धडकत नाहीत."

कुणालाच येत नव्हतं. ती पानं तिच्याकडची. मग जाळीखालून, तिच्या जागेवरून, आवंढा गिळल्याचा आवाज आला.

"वटवाघळे अंधारातही कशाला धडकत नाहीत, कारण ती श्राव्यातीत ध्वनी सोडतात आणि अडथळ्यावरून परत आलेला ध्वनी ऐकून आपला मार्ग ठरवतात."

तिची जागा माझ्या शेजारचीच. मी हात लांब करून चाचपलं. गार फरशी. तिथं कुणी नव्हतं.

दादा बराच वेळ बोलला नाही. उत्तर चुकलं की तो असाच गप्प बसायचा, म्हणून आम्हाला वाटलं, चुकलं. मग हळूच म्हणाला, "बराबर." पुढच्या ओळीतलं एक लहान पोरगं कुजबुजलं, "ती तर घरी हाय ना, दादा?"

"हाय. गप बस."

लाईट आली तेव्हा सगळ्यांनी एकदमच तिच्या जागेकडं पाहिलं आणि एकदमच मान फिरवली. परत जाताना मी मुद्दाम तिच्या दारापाशी थांबले. कडी बाहेरून तशीच होती. आत ती चुलीपाशी, त्याच जागी, गुडघ्यात तोंड घालून. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, आणि पुढं रोजच. लाईट असेपर्यंत काही नाही. लाईट गेली की तुराट्या सळसळायच्या, जणू शेळी शिरली असावी, आणि विज्ञानाचं उत्तर यायचं. कुणी उठून मागं बघायला गेलं नाही. एका पोरीनं तर यायचंच सोडलं, तिच्या आईनं तिला ताईत बांधला. जिवंत पोरीसाठी दार उघडत नाहीत, तिच्या आवाजासाठी ताईत बांधतात.

शेवटी मी हापशावर तिच्या आईला गाठलं. मामी म्हणत असू आम्ही तिला. मी एवढंच विचारलं, मामी, संध्याकाळी कडी कोण काढतं? तिनं इकडं-तिकडं पाहिलं, घागर भरू दिली, मग म्हणाली, कडी कुणीच काढत न्हाई, पाहुण्यांचा शब्द हाय. मागच्या न्हाणीचा पत्रा मात्र ढिला झालाय, कवाचा सांगून राहिले मी यांना. घागर डोक्यावर घेतली आणि जाता जाता थांबली.

"लाईट गेल्यावर मला काय दिसतंय, माय?"

तेव्हा भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही. साऱ्या मराठवाड्यात लोक लाईट जाते म्हणून सरकारला शिव्या देत होते, आणि आमच्या वस्तीतली एक पोरगी ती जावी म्हणून वाट बघत होती. अंधार असेल तेवढाच वेळ तिची शाळा.

पण परीक्षा भर उजेडात होती. मी शाळेत मोठ्या सरांकडं गेले, तिचं हॉलतिकीट द्या म्हटलं, मी नेऊन देते. सर म्हणाले, ज्याचं त्यानं न्यावं, नाहीतर पालकाला सहीला पाठव. मी म्हटलं, पालकच तिला बसू देत नाहीत. सरांना ते माहीत होतं. घरगुती मामला आहे, म्हणाले, तू तुझा अभ्यास कर. कपाट माझ्यासमोर बंद केलं. पहिला पेपर संपल्यावर हेच सर केंद्रावरून सरळ मांडवात गेले आणि बुंदी खाल्ली. मी पाहिलं आहे.

पेपराच्या आदल्या संध्याकाळी हळद होती. बायका गात होत्या, भाड्याच्या जनरेटरवर भोंगा चालला होता. विहारात मात्र अंधार. दुसऱ्या दिवशी मराठीचा पेपर, तरी दादानं विज्ञान घेतलं, पहिल्या पानापासून. आम्ही कुणीच तोंड उघडलं नाही. ठरवलं नव्हतं, तसं झालं. प्रश्न, आवंढा, उत्तर, बराबर. प्रश्न, आवंढा, उत्तर, बराबर. त्या दिवशी जाळीतून हळदीचा वास येत होता. शिवारातला शिजलेल्या हळदीचा नव्हे, ओल्या अंगावरच्या हळदीचा. हळद लागल्यावर मामीनंच तिला न्हाणीत नेलं असणार. एकदाही चुकली नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा दादाचा आवाज बसला होता.

"उद्या पेपराला ये," तो म्हणाला.

आवंढा ऐकू आला. पुढं काही नाही. तुराट्या सळसळल्या आणि थांबल्या.

सकाळी केंद्राकडं निघण्याआधी मी विहाराच्या मागं गेले. जाळीच्या चुन्यावर बोटांचे पिवळे ठसे होते, प्रत्येक भोकाच्या कडेला, घट्ट धरल्यासारखे. अकरा वाजता माझ्या पुढचा बाक रिकामा. पर्यवेक्षकांनी तिच्या नंबरासमोर गैरहजर लिहिलं. मी उभी राहून सांगितलं की ती गैरहजर नाही, तिला ठेवून घेतलंय. ते म्हणाले, खाली बस, नाहीतर तुलाही बाहेर काढीन.

पुढं एकदाच ती हिंगोलीच्या बसस्टँडवर दिसली, कडेवर लेकरू. मी विचारलं, बरी हायस का? तिनं आवंढा गिळला. म्हणाली, "मी बरी आहे, कारण." आणि तिथंच थांबली. गाडी लागली, ती गेली. ते वाक्य अजून माझ्या कानात अर्धं लोंबकळतं आहे.

दादा आता गावात नाही. विहारात नवी पोरं बसतात, प्रश्न विचारणाराही नवा आहे. मध्यंतरी मी पत्रकं घेऊन गेले तेव्हा नेमकी लाईट गेली. पुस्तकं मिटली. प्रश्न आला, आणि कुणीच बोललं नाही. उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे. सगळी थांबली होती. थोड्या वेळानं एकानं उत्तर दिलं. पुढच्या प्रश्नालाही तसंच. मी शेजारच्या पोरीला विचारलं, काहून थांबता गं? ती म्हणाली, असंच असतंय, आधी थोडं थांबायचं. कोणासाठी, ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं: जाळीखालची ती सासरी गेल्यानंतर आम्ही दहावीची पोरं तिच्यासाठी थांबायचो. आमचं पाहून धाकट्यांनी घेतलं, त्यांचं पाहून यांनी. मी त्या थांबण्यात कान देऊन बसले. मागं तुराट्या सळसळल्या. उठून जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

आता तुमच्याशी बोलते. तुमच्या गावातही यंदा दहावीचा वर्ग आहे. उद्या सकाळी शाळेत जा आणि कुणाचं हॉलतिकीट पडून राहिलंय ते विचारा. घरगुती मामला आहे असं सर म्हणतील, ऐकू नका. तिकीट हातात घ्या, त्या घरी जा, भर उजेडात, चार माणसं बघत असताना. दाराला कडी बाहेरून असेल. ती काढा.