फुकट दिलेल्या कोडेकवर ‘पेटंट’चं स्टिकर

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहिते.

मी नांदेडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करते. आम्ही विहारांसाठी वंदना आणि पंचशील वाजवणारे डबे बनवतो. आवाजाच्या काही फॉरमॅटसाठी पेटंटचा परवाना विकत घ्यावा लागतो. आम्ही वापरतो तो कोडेक, म्हणजे आवाज साठवून वाजवणारी संगणक-प्रणाली, मात्र त्याच्या लेखकांनी सगळ्यांना मुद्दाम मोकळा दिलाय. अट एकच, त्यांची नावं आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा.

आज बघते तर नावं पुसलेली, आणि डब्यावर स्टिकर: ‘आमचे पेटंट तंत्रज्ञान’.

मालकांना विचारलं, तर म्हणे, “मॅडम, फुकटच हाय ना ते? मग कोण ईचारून राहिलंय?”

“फुकट आहे, बेवारस नाही,” मी म्हणाले.

“नोकरी करायची का न्हाई? टेस्ट करा अन् ओके द्या.”

मी डबा सुरू केला. नेमकं दुसरं शील लागलं. शाळेत जायच्या आधी पप्पांनी मला घरी त्याचा अर्थ शिकवला होता: न दिलेलं घेणार नाही.

मालक खूश. “बघा, आवाज कसा क्लिअर हाय!”

असल्या निर्लज्जपणाला मी ओके दिलं नाही. घरी आले. नोकरी राहील की जाईल, या भीतीने जेवण गेलेलं नाही.

उद्या ते दुसऱ्या कुणाकडून तरी ओके घेतील आणि डबा तुमच्या विहारात येईल. तुम्ही त्याच्यामागून ते शील म्हणाल?