डब्यावर कोरलेली हजेरी

“मॅडम, कायद्याच्या भाईर एक अक्षर नाई,” नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी मतदारांची कच्ची यादी माझ्यासमोर सरकवली.

यादीत चारशे एकतीस नावे होती. संस्थेचे सभासद एक हजार एकशे चौसष्ट. मी समासात वजाबाकी केली. सातशे तेहतीस.

“हे कुठे गेले?”

“अक्रियाशील,” सचिव वानखडे म्हणाले. “पाच सालात एकाबी वार्षिक सभेले आले नाईत. मंग मताचा अधिकार जाते. उपविधीत लिवलं हाय.”

उपविधी म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम. मी वाचले. खरेच तसे लिहिलेले होते.

मी सहकार खात्यात आहे. घर अकोल्याला, नोकरी अमरावतीला. त्या वर्षी अंजनगाव सुर्जी भागातल्या एका संस्थेच्या निवडणुकीचे काम माझ्याकडे आले. पानपिंपरी पिकवणाऱ्यांची संस्था. पानपिंपरी म्हणजे वेलीवर येणारे, मिऱ्यासारखे तिखट, औषधांत लागणारे फळ. संस्थेचे नाव सांगत नाही. नानासाहेब तिथे बावीस वर्षे अध्यक्ष होते आणि दर वेळी निवडणूक अविरोध झाली होती. जागा तेरा, अर्ज तेरा, त्यामुळे मतदानाची वेळच येत नसे. कार्यालयाच्या भिंतीवर याबद्दलचे अभिनंदनपत्रही फ्रेम करून लावले होते.

यंदा दोन एकरांत वेली लावणाऱ्या शेवंताबाई इंगळे यांनी आपले पॅनल उभे करणार असे जाहीर केले. त्यांचे नाव सातशे तेहतीसमध्ये होते. यादीत नाव नसेल तर मत नाही, आणि उमेदवारीही नाही.

मी कागद तपासले. सभांच्या नोटिसा पोस्टाने गेल्या होत्या, पावत्या होत्या. हजेरी रजिस्टरवर कुणाची खोटी सही नव्हती. ठराव व्यवस्थित होते. निवडणूक होणार होती, नोटिसा होत्या, नियम होते. मत देणारी माणसे तेवढी नव्हती.

मला खटकला एक आकडा. पाच सभांपैकी सर्वांत जास्त सह्या दोनशे एकोणीस. त्याच सभेच्या इतिवृत्तात नानासाहेबांनी लिहून घेतले होते, ‘गोदामात बसावयास जागा उरली नाही.’ मी गोदाम पावलांनी मोजले. ऐंशी फूट लांब, साठ फूट रुंद. खाली सतरंजीवर बसणाऱ्या माणसाला पाच चौरस फूट धरले तरी नऊशेवर माणसे मावतात. दोनशे एकोणीस जणांनी ते गोदाम कसे भरले?

हे मी हरकतीच्या दिवशी शेवंताबाईंना विचारले. कच्च्या यादीवर कोणीही आक्षेप घेऊ शकतो, त्याला हरकत म्हणतात. त्यांच्यासह सहाशे अकरा जणांनी घेतली होती.

“तुम्ही सभेला जात होता का?”

“काहून नाई? दर साली जातो. सभा सरली का डबा भेटते नं!”

“मग हजेरीवर सही का नाही?”

“सही तं केली म्या. डबा घेतानी.”

तेव्हा मला उलगडा झाला. हजेरी रजिस्टर स्टेजजवळ असे. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक त्यावर सही करीत. मागे सतरंजीवर बसणारे सभा संपली की दारात रांग लावत, स्टीलचा डबा घेत आणि तिथल्या वहीत सही करीत. त्यांच्या समजुतीने तीच हजेरी. ही पद्धत कोणी कट करून आणली नव्हती, वर्षानुवर्षे तशीच चालत होती. पण विरोधक उभा राहिल्यावर ती कुणाच्या उपयोगी पडते हे नानासाहेबांच्या बरोबर लक्षात आले.

मी वानखड्यांना डबे वाटल्याच्या वह्या मागितल्या.

“त्या चिल्लर वह्या होत्या, मॅडम. रद्दीत गेल्या.”

“पाचही?”

“पाचही.” वानखडे नानासाहेबांकडे बघत होते.

मी फळ्यावर सूचना लावली. तीन दिवस सुनावणी. सभेला आल्याचा जो काही पुरावा असेल तो घेऊन या.

पहिल्या दिवशी दहा वाजता मी पोचले तर आवारात रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात डबा. पहिले आजोबा टेबलाशी आले आणि म्हणाले, “थांबा मॅडम, भाकर काढून घेतो, मंग पाहा.”

मी डबा हातात घेतला. झाकणावर कोरले होते, ‘वार्षिक सभेस उपस्थितीबद्दल सप्रेम भेट’. खाली वर्ष. त्याखाली, जरा मोठ्या अक्षरांत, नानासाहेबांचे पूर्ण नाव. डबा उलटा केला. बुडाला सभासद क्रमांक. कधीतरी लोकांनी दोन-दोन डबे नेले म्हणून नानासाहेबांनीच क्रमांक टाकायला लावला होता.

नानासाहेब शेजारीच बसले होते. “डबे कोनाच्या घरीबी पोचवले असतीन,” ते म्हणाले.

“झाकणावर ‘उपस्थितीबद्दल’ लिहिलंय. खाली नाव तुमचंच ना?”

रांगेतून कोणीतरी म्हणाले, “मिरवाच्या नादात गवाही देऊन बसले, भाऊ!” सगळे हसले. मी हसले नाही. मला प्रत्येक डब्याचा क्रमांक सभासद नोंदवहीशी ताडून पाहायचा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाचशे सत्तेचाळीस जणांचे जुळले. शेवंताबाई तिन्ही दिवस लोकांना रांगेत लावत होत्या. त्या टेबलाशी आल्या तेव्हा हात रिकामे.

“माहे डबे पोरीकडे हायेत, परतवाड्याले. तिले लग्नात देल्ले.”

“पाचच्या आत एक तरी आणा.”

“मॅडम,” मागून एकजण ओरडला, “बाईनंच तं समद्याइले आणलं, अन् तिचंच नाव नाई?”

“ज्यांच्याकडे डबा नाही अशा साठ जणांना मी परत पाठवलंय. त्यांना काय सांगू?”

तीन दिवसांत नानासाहेब पहिल्यांदा हसले. शेवंताबाई मात्र माझ्याशी वाद घालायला थांबल्या नाहीत. त्यांनी मुलीला फोन लावला आणि फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

चार वाजून चाळीस मिनिटांनी जीपमधून मुलगी उतरली. डबा आणला होता, पण काठोकाठ लोणच्याने भरलेला. क्रमांक बुडाला, डबा उलटा करता येईना.

“लोनचं खाली कराले भांडं द्या कोनी!”

कोणाकडे भांडे नव्हते. शेवटी वानखड्यांनी आपला जेवणाचा डबा पुढे केला. लोणचे त्यात गेले, बूड पुसले, क्रमांक जुळला. पाचशे अठ्ठेचाळीस. अंतिम यादी नऊशे एकोणऐंशीची झाली. वानखड्यांनी लोणचे परत दिले नाही.

मतदान झाले. शेवंताबाईंच्या पॅनलला नऊ जागा, नानासाहेबांना चार. ते स्वतः निवडून आले. शेवंताबाई अध्यक्ष झाल्या. माझे काम संपले असे मला वाटले.

चार महिन्यांनी त्या अमरावतीला माझ्या ऑफिसात आल्या. हातात एकशे अठरा नावांचा कागद.

“नानासाहेबाची मानसं हायेत. हरल्यावर वार्षिक सभा झाली, एकबी जन फिरकला नाई. यायले अक्रियाशील करून टाका.”

“एका सभेला आले नाहीत म्हणून? पाच वर्षांचा नियम आहे.”

“मंग पाच वर्सानं करा. आतापासून लिवून ठेवतो. कायद्यातच हाय नं, मॅडम.”

हे वाक्य मी ऐकलेले होते. मी विचारले, “डबे वाटणं चालू आहे का?”

“बंद केले. नानासाहेबाचं नाव कशाले मिरवाचं?”

“हजेरी रजिस्टर कुठे ठेवता?”

“स्टेजजवळच.”

“म्हणजे आता मागे बसणारे ते, आले तरी सही नाही. पाच वर्षांनी ते माझ्यासमोर आले तर काय दाखवतील?”

शेवंताबाईंनी कागद माझ्यासमोरून परत ओढला. मग म्हणाल्या, “माह्याकडं लोनच्याचा डबा तरी होता.” कागदाची घडी करून त्यांनी पिशवीत टाकली. फाडला नाही. ते मी पाहिले.

जाताना त्यांनी उपाय विचारला. मी साधाच सांगितला. रजिस्टर एकच, आणि तेही दारात. सही करणाऱ्याला तिथेच पोच द्यायची. त्याच संध्याकाळी रजिस्टरची झेरॉक्स फळ्यावर लावायची. संचालक मंडळात हे अकरा विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाले. विरोधातली दोन्ही मते शेवंताबाईंच्या पॅनलची होती. पुढे सर्वसाधारण सभेने उपविधीत तशी दुरुस्ती केली.

त्यानंतरच्या वार्षिक सभेला मी निरीक्षक म्हणून गेले. दारातल्या रांगेत सर्वांत पुढे नानासाहेब होते. त्यांनी सही केली, पोच घेतली, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचली.

“याच्यावर शिक्का नाई,” ते म्हणाले.

वानखड्यांनी शिक्का मारून दिला. नानासाहेबांनी पोच घडी करून खिशात ठेवली आणि मागे सतरंजीवर जाऊन बसले.

मतदार यादी हातात आली की हल्ली मी नावे नंतर वाचते. वजाबाकी आधी करते.