लिंबूटिंबू

“घरच्यांबरोबर रोज थोडं खेळत जा,” असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातलं ‘थोडं’ मी विसरलो. गच्चीवर लंगडी घालत आठ वर्षांच्या सईमागे सुटलो आणि छाती धरून मटकन खाली बसलो.

“बाबा, नाटकं नकोत हं!”

मला बोलताच येईना. तिचा चेहरा उतरला. माझा शर्ट मुठीत घट्ट धरून ती घाईघाईनं ओरडली, “बाबा लिंबूटिंबू! बाबा आउट नाही!”

लहान भावंडांना खेळात मिळणारी ही सवलत. बाद होण्याची भीती वाटते ती खेळणाऱ्याला की त्याच्या सोबत्यांना, असा प्रश्न त्या मुठीकडे बघताना पडला. हळूहळू श्वास जागेवर आला.

बायको पाणी देत म्हणाली, “ती नाही तुम्हाला आउट देणार. पण हा नियम तिच्यापुरताच आहे. उठा, दवाखान्यात जाऊ.”