यमुनाताईंच्या पाठीला बसणारी बॅग

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असा एक गड नाही, असा एक घाट नाही, जिथं मी गेलेलो नाही. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, सगळे तोंडपाठ! म्हणजे पायथ्यापर्यंत. वर काय आहे ते मला विचारू नका. मी जीपवाला. लोकांना पायथ्याशी सोडायचं, झाडाखाली गाडी लावायची आणि ते खाली येईपर्यंत घोरायचं, एवढाच माझा गडांचा अभ्यास.

जीपच्या सीटखाली वर्षभरात काय काय साठतं, सांगू? कुणाची छत्री, कुणाची एकच चप्पल, एकदा तर कवळी! मी काही गोळा करायला जात नाही. लोक विसरून जातात आणि ते माझ्याकडं राहतं. किश्श्यांचंही तसंच. आज जरा झाडून काढतो.

घोडेगावात आमचं रविवारी डोंगर चढणारं मंडळ आहे. ते चढतात, मी पोचवतो. पुढारी आमचे गुरुजी. रिटायर हेडमास्तर, सहा फूट उंच, डोंगराला पण नियम लावणारे. दुसरे पारसशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ भांडतात ते अस्सल घोडेगावी मराठीत. कापड, छत्र्या, बॅगा, सगळं एकाच दुकानात. आणि तिसऱ्या यमुनाताई. तळेघरच्या वरच्या वाड्यांवर तीस वर्षं अंगणवाडी चालवली बाईंनी. गाडी नाही, रस्ता नाही, रोज पायी.

गेल्या वर्षी ताईंचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, "चालायचं तेवढं चाला. पण पाठीवर चार किलोच्या वर काही नको."

गुरुजींचा नियम तर ठरलेला! "ज्याची बॅग त्याच्या पाठीवर. ज्याला झेपणार नाही, त्यानं बबनच्या जीपमध्ये बसावं."

मग नाणेघाटाच्या खेपेला ताई दिवसभर माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांना अकरा विनोद सांगितले. संध्याकाळी गुरुजी खाली आले, तशा ताई म्हणाल्या, "गुरुजी, दिवाळीनंतर तळेघर ते भीमाशंकर चालत जायचं ठरलंय ना? मी येणार. माझी बॅग मीच घेणार. चिमूटभर सामान सुदीक जीपमधी जाणार न्हाई. आन् ह्या माणसाशेजारी मी पुन्यांदा बसणार न्हाई!"

*

पहिली बॅग ताईंच्या धाकट्या मुलानं पुण्याहून आणली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. फ्रॉक घ्यायचा तो दोन वर्षं पुढचा, पातेलं घ्यायचं ते लग्नकार्याला पुरेल असं. पोरानं त्याच हिशेबानं आणली. पासष्ट लिटर!

"पुढं कामाला येईल, आई."

ताई साडेचार फूट. बॅग पाठीला लावून त्या चौकातून निघाल्या, तर मागून ताई दिसेचनात. नुसती बॅग आणि खाली दोन पाय! कुत्री भुंकायला लागली. बिचाऱ्यांनी चालणारी बॅग आधी बघितली नव्हती.

मी ओरडलो, "ताई, मापात घ्यायची व्हती! तुमी काय आता वाढत्या अंगाच्या न्हाई!"

बॅगेच्या आतून आवाज आला, "तुमी हाय की, भाऊ! आडवे!"

मी शर्टाचं खालचं बटण लावून घेतलं.

पारसशेठच्या काट्यावर ती बॅग रिकामीच अडीच किलो भरली. म्हणजे चारातले अडीच बॅगेचेच. उरलेल्या दीड किलोत पाणी घ्यायचं की भाकरी? ताईंनी त्याच दिवशी बॅग पोराला परत पाठवली. आत चिठ्ठी घातली, "तू घाल. तुझं लग्न व्हायचंय, पुढं कामाला येईल."

*

मग ताईंनी पारसशेठच्या दुकानावर मोर्चा वळवला. शेठकडं त्यांच्या भाषेत सगळाच माल 'लाइटवेट'. जाड सतरंजीसुद्धा लाइटवेट!

ताई जाताना घरून तांदळाच्या लहान लहान पुरचुंड्या बांधून घेऊन गेल्या. बरोब्बर तीन किलो. शेठ बघतच राहिले.

"ताई, बॅग घ्यायला आलात का दळण टाकायला?"

"रिकामी बॅग समद्यांच्याच पाठीला बसती, शेठ. भरल्यावर कळतं तिचा सोभाव."

एकेका बॅगेत तांदूळ भरायचा, पट्टे आवळायचे आणि दुकानातल्या माळ्याच्या शिडीवरून वीस वेळा वर-खाली. एक बॅग काखेत कापते, दुसरी मानेला ओढते, तिसरी उतरताना डुलते. एक तास झाला, दोन झाले. लग्नसराईची गर्दी, शेठचा नोकर जेवायला गेलेला. शेठ शेवटी व्यापारी माणूस!

"ताई, वर चाललाच आहात तर निळ्या टॉवेलांचा गठ्ठा तेवढा..."

ताईंनी आणला. मग चादरी आणल्या. मग परकरांचं खोकं. चौथ्या खेपेला एक गिऱ्हाईक ताईंनाच म्हणालं, "मावशी, ह्यात हिरवा रंग दाखवा."

ताईंनी हिरवा दाखवला, विकला, तांदूळ काढून घेतले आणि म्हणाल्या, "एक बी बॅग बसना. उद्या परत येते."

शेठ हात जोडून म्हणाले, "याच, ताई! उद्या माल उतरायचाय."

*

दुसऱ्या दिवशी गुरुजी मोबाइलवर व्हिडिओ बघून आले. म्हणाले, "आपली सगळ्यांची चूक होते आहे. बॅग उंचीवर घ्यायची नसते, पाठीच्या लांबीवर घ्यायची असते. मान वाकवली की जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडापर्यंत माप!"

शिंप्याची टेप आली. शेठच्या बायकोनं आत नेऊन ताईंची पाठ मोजली. मग गुरुजी म्हणाले, "माझीही मोजा." ते ताठ उभे राहिले, झेंडावंदनाला राहतात तसे. मी टेप लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा शेठनं लावली.

गुरुजींची आणि ताईंची पाठ सारखीच! जवळजवळ दीड फुटाचा फरक सगळा पायांत.

"म्हणजे गुरुजी," मी म्हणालो, "बसल्यावर तुम्ही आणि ताई एकाच इयत्तेत!"

आणि सगळ्यांत लांब पाठ कुणाची निघाली? बुटक्या पारसशेठची! ते भलतेच खूश झाले. म्हणाले, "चाळीस वर्षं गल्ल्यावर ताठ बसलोय. उगाच का?"

*

एक खोडी मात्र मीच केली, ती कबूल करतो. बॅगेत दगड घालायचा विचार आला होता, पण तो फार जुना झाला आणि ताईंच्या मणक्याशी खेळ नको. मी गुरुजींना धरलं.

नव्या बॅगांना छातीवर एक बारीक पट्टा असतो आणि त्याच्या बकलात शिट्टी असते. रानात वाट चुकली तर वाजवायला. गुरुजींनी नवी बॅग घेतली होती, पण हे त्यांना माहीत नव्हतं. मी चौकात त्यांना बाजूला घेतलं.

"गुरुजी, तुमी बॅगांचे एवढे व्हिडिओ बघितले, पण हे न्हाई बघितलं? हितं तोंड लावून फुंकायचं. पट्ट्यांत हवा भरती आन् बॅग हलकी व्हती. जोरात फुंका, व्हॉल्व्ह कडक आसतोय!"

गुरुजींनी छाती भरून फुंकलं. अशी शिट्टी वाजली, की उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन पारगावच्या कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर जागच्या जागी उभा! मागं जीपा, मोटरसायकली, सगळा चौक जाम. ड्रायव्हर उडी मारून खाली आला आणि पोलिस समजून गुरुजींपुढं हात जोडून उभा राहिला.

"साहेब, आईशप्पथ, लायसन हाय. घरी ऱ्हायलंय!"

गुरुजींनी चष्मा वर केला, त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "गृहपाठसुद्धा तुझा घरीच राहायचा!"

*

बॅग शेवटी मिळाली. शेठनं कुठूनतरी बायकांच्या मापाची मागवली. रिकामी पाऊण किलो, पाठीला चपखल आणि कमरेला रुंद पट्टा. ताईंनी तांदूळ भरला आणि शिडी चढली. वर जाऊन पट्टा आणखी आवळला.

"खांद्यावर वजनच येत न्हाई! समदं कमरंवर. आरं, कळशी कमरंवरच घेत आलो की आमी. हे शहाणे आत्ता शिकले व्हय?"

पण एक अडचण. पट्टा बरोबर साडीच्या निऱ्यांवर यायचा आणि गाठ पोटात रुतायची. सैल केला तर वजन पुन्हा खांद्यावर, मणक्यावर. निरीचा गठ्ठा डावीकडं करून झाला, उजवीकडं करून झाला. शेठ हळूच म्हणाले, "कंपनीनं साडीचा विचारच केलेला नाही, ताई. घेऊ का परत?"

"कंपनीनं न्हाई केला, तर मी करते."

दिवाळी झाल्यावर रविवारी पहाटे तळेघरला ताई एसटीतून उतरून जीपपाशी आल्या त्या थोरल्या सुनेची ट्रॅकपँट आणि वर लांब कुर्ता घालून! अख्ख्या जन्मात साडीशिवाय काही न घातलेली बाई. गुरुजी एकदम डोंगराकडं बघायला लागले.

मी तोंड उघडणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "बबनभाऊ, जे बोलायचंय ते आत्ता बोलून घ्या. पुढं मी चालणार हाय आन् तुमी गाडीत. ऐकू यायचं न्हाई."

*

घरी काट्यावर बॅग भरली तीन किलो आठशे. म्हणजे दोनशे ग्रॅम शिल्लक. पण एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. त्या वाड्यांवरची निम्मी पोरं ताईंच्या हाताखाली वाढलेली! बाई आल्यात म्हटल्यावर रिकामं कोण जाऊ देतंय?

पहिल्याच घरी ओंजळभर नाचणीचं पीठ आलं. नको म्हणावं तर घरातली बाई रुसते. ताईंनी घेतलं, बॅगेत घातलं आणि पुढच्या घरी देऊन टाकलं! तिथून तांदूळ मिळाला, तो तिसऱ्या घरी. बॅग पाऊण वाट तेवढीच जड राहिली आणि प्रत्येक घरी ताईंनी काहीतरी आणलं म्हणून कौतुक वेगळंच!

एका वाडीत मात्र पंचाईत झाली. वाडीतलं शेवटचं घर, पुढं नुसतं रान, आणि म्हातारीनं हातात दिला दोन किलोचा भोपळा. मी तिथपर्यंत कच्च्या रस्त्यानं जीप घालून आलोच होतो. मला वाटलं, सापडल्या!

"द्या हिकडं, ताई. भोपळा जीपमधी बसंल. त्याच्या शेजारी तुमी."

ताईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हातारीला म्हणाल्या, "आक्का, चूल पेटलेली हाय का?"

तासाभरात भोपळ्याची भाजी, तांदळाची भाकरी, सगळं मंडळ अंगणात जेवायला. ताईंनी स्वतः दोनदा वाढून घेतली. मी म्हटलं, "आता वजन न्हाई का वाढलं?"

"डॉक्टरांनी पाठीचं सांगितलंय, भाऊ. पोटाचं न्हाई!"

*

दुपार कलता कलता ताई भीमाशंकरला पोचल्या. घामानं कुर्ता भिजलेला, चाल मंदावलेली, दोनदा थांबल्या, पण पट्टा सोडला नाही. माझ्या गाडीजवळचा शेवटचा चढ आला तेव्हा गुरुजी आपल्याच नियमाविरुद्ध म्हणाले, "ताई, द्या थोडं माझ्याकडं." ताईंनी मान हलवली आणि चालत राहिल्या. तेव्हा मीसुद्धा चिडवायला हॉर्न वाजवला नाही.

मी वर गाडी लावून बसलो होतो. तिथून देवळापर्यंत खाली पायऱ्याच पायऱ्या. एक डोलीवाला पुढं आला, "आजी, बसा, अल्लाद नेतो!"

"पाठीवर बॅग दिसती ना? मी सोता हमाल हाय," म्हणून ताई पहिली पायरी उतरल्यासुद्धा.

मी पायऱ्यांकडं बघितलं. माझ्या गुडघ्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं माणसं इथवर आणली, पण त्या पायऱ्या काही मी कधी उतरलो नाही. मी कठड्याला टेकूनच हाक मारली, "ताई! आता चाललाच हाय, तर माझा बी एक नमस्कार तेवढा घेऊन जा की देवापाशी!"

ताई थांबल्या. कमरेचा पट्टा एकदा नीट केला, मागं वळल्या आणि अख्ख्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"तुमचा नमस्कार न्यायचा म्हंजे संगं तुमची पापं बी आली, भाऊ! हितं दोनशे ग्रॅमच जागा हाय!"