बारा रेघा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंग. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. वॉर्डात शिकाऊ पोरींना मीच शिकवते: पेशंट आला की त्याच्या माणसांशी दहा मिनिटं बसून बोलायचं. घरी कोण करतं, कसं करतं, अडतं कुठं. आणि घरातला शिकलेला माणूस पुढं होऊन सगळ्यांची उत्तरं द्यायला लागला, तर त्याला गोड बोलून बाजूला करायचं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, गावाकडून, तामलवाडीहून, आमच्याच हॉस्पिटलात आणलं तेव्हा साखर पार खाली गेली होती. महिन्यातली ही दुसरी वेळ. सलाईन लागलं, शुद्धीवर आले. डॉक्टर मला म्हणाले, तिसऱ्यांदा वेळेत पोचतील असं धरून चालू नका. मी मान हलवली. काही वाटलं नाही. ड्यूटीवर असते तशीच उभी होते.

शिकाऊ पोरगी कागद घेऊन आली. आई फरशीवर बसलेली.

"घरी इन्सुलिन कोण देतं?"

"आई. रोज सकाळी बारा युनिट. मीच शिकवलंय," मी म्हणाले.

"काही अडचण?"

"नाही."

तिनं लिहिलं नाही. पेन तसंच धरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा बाजूला होता का?"

अण्णा कॉटवरून हसले. "घ्या. बाईच वर्गाबाहेर."

मी खिडकीपाशी गेले. पोरगी आईशेजारी खाली बसली. रिकामी सिरिंज आणि पाण्याची कुपी तिच्या हातात दिली. "मावशी, घरी करता तसं करून दाखवा."

आईनं सुई कुपीत घातली, दट्ट्या ओढला, सिरिंज बोटाला लावून बघितली. "झालं."

"रेघा नाही मोजल्या?"

"पेराएवढं ओढते म्या. रेघा कुठं दिसतेत? दिवाळीपासनं समदं धुरकट हाय."

पोरीनं सिरिंज उजेडात धरली. अठराच्या वर पाणी होतं.

"मग सांगायचं न्हाय व्हय?" अण्णा म्हणाले.

"कुणाला? ती फोनवर इचारती, दिलंस का. दिलं म्हणते. दिलेलंच असतंय की." मग आवाज खाली घेऊन, "दोनदा दावलं तिनं. एवढी शिकलेली पोरगी. तिसऱ्यांदा कसं म्हणू?"

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. खाली आवारात कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ते मी बघत राहिले.

"आता घरी कोण देणार?" पोरीनं विचारलं.

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत दोघं माझ्याकडं राहतील."

"अन् म्हशीचं कोण बघल?" आई म्हणाली.

"शेजारी बघतील."

पोरीनं कागदावर 'मुलगी' लिहिलं, आणि नातेवाईकाच्या जागी मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा रेघा मोजून ओढल्या. आजवर किती जणांना इंजेक्शन दिलं, मोजदाद नाही. अण्णांना पहिल्यांदाच देत होते.

"दुखलं न्हाय," ते म्हणाले.

मी कापूस दाबून धरला.