परत न घेतलेली जवारी

सगू, ये अशी जवळ बस. आता तू म्हणशील, आक्का, तू सिकंदराबादेत अन् मी गावात, जवळ कशी बसू? मंग हा कागद जवळ घे अन् बस. नातीला वाचायला सांग, तिला अक्षर लागलं न्हाई तर माझ्यावर हसू नका. मला शाळा न्हाई. देवळातल्या गाण्यांच्या पुस्तकावर बोट फिरवत फिरवत शिकले मी.

आधी बोलणी खा. तुझा थोरला मोसंब्याच्या ट्रकासंगं दोनदा इथं येऊन गेला. माझ्या हातचा चहा प्याला. मी म्हणलं, माय कधी येणार रे? तर पोरगा कपात बघत म्हणतो, "माय म्हणती, त्या घरचा उंबरा आपल्यासाठी न्हाई. त्यांनी माझ्या बापाला बाहेर काढलं." अगं, काय हे? एवढी वर्षं हे पोटात धरून बसलीस, अन् मला एका शब्दानं विचारलं न्हाईस? त्या दिवसापासून मला भाकर गोड लागून न्हाई राह्यली. तुला जेवढं कुणी सांगितलं तेवढं खरंच हाय. पण ते अर्धं हाय.

आम्ही गाव सोडलं तेव्हा तू काकीच्या कडेवर होतीस. आम्हाला कुणी गाडी दिली न्हाई, म्हणून पायीच परतूरच्या स्टेशनला निघालो. मायच्या डोक्यावर बोचकं, माझ्या काखेत तवा अन् उलथणं, अन् पत्र्याची पेटी किसनकाकाच्या डोक्यावर. तुझ्या बापाच्या. त्यानं न विचारताच उचलली. माझ्या बापानं, आबानं, त्याला उचल म्हणलं न्हाई, ठेव बी म्हणलं न्हाई. सख्खे भाऊ, एकाच पांदीनं चाललेले, एक पुढं, एक मागं, अन् रस्ताभर एक शब्द न्हाई. स्टेशनात काकानं पेटी खाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, अन् म्हणला, "दादा, येतो मी." आबानं रुळाकडं तोंड केलं. गाडीचा अजून पत्ता नव्हता. रूळ रिकामे होते. आबा त्या रिकाम्या रुळाकडंच बघत राह्यला, काका दिसेनासा होईपर्यंत.

ते असं का झालं, ते ऐक.

निजामाचं राज्य होतं. आपला महारवाडा माझ्या जन्माआधीच ख्रिस्ती झाल्ता. गावकीची कामं आपल्याकडं बापजाद्यापासून होती. मेलेली ढोरं ओढायची, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, साहेब आला की त्याचं सामान वेठीनं वाहायचं. त्याबद्दल सुगीला शेतकऱ्यांनी कणसासकट पेंढ्या घालायच्या. त्याला बलुतं म्हणायचे. ख्रिस्ती मंडळी उभी झाली तेव्हा मोठ्या माणसांनी प्रभूच्या देवळात उभं राहून शब्द दिला, की हे काम सोडलं अन् बलुतं बी सोडलं. सगू, बलुतं सोडणं सोपं नव्हतं बरं. हातात काही न्हाई अन् पुढचं ताट सरकवून द्यायचं, असं होतं ते. मंग मंडळीच्या बायांनी रीत लावली. पीठ मळायच्या आधी एक मूठ देवळाच्या मडक्यात. कुणाची चूल पेटली न्हाई तर त्या मडक्यातून जायचं. मांगवाड्यातल्या रांडमुंड बाया बी पदर पसरून यायच्या. ती मंडळीत हाय का न्हाई, हे कुणी विचारायचं न्हाई, असं देवळाच्या पाळकसाहेबांनी सांगून ठेवल्तं. पाळकसाहेब नगरकडचे. भला माणूस. लंगड्या कुत्र्याला बी रस्ता द्यायचा. पण गाव त्यांना कळलं न्हाई.

मंग पटकीची साथ आली. गाव रानात पळालं, जो तो आपापल्या शेतात पाल ठोकून राह्यला. मागं घरात मरून पडले त्यांना उचलायला सख्खी पोरं बी येईनात. मंडळी देवळात जमली. आबा मंडळीचा वडील, म्हणजे पंचासारखा होता, पुढं बसायचा. तो म्हणला, "साहेब, आपण हे काम सोडलं ते फुकट न्हाई सोडलं. आज मढं उचललं की उद्या गाव म्हणंल, हे यांचंच काम."

तर बायांच्या बाजूनं माझी माय उठली. "उद्याचं उद्या बघता येईल. वेशीजवळच्या घराच्या ओट्यावर आज कुत्री बसून राह्यलीत."

आबानं तिच्याकडं बघितलं. अन् सगू, सगळ्यात आधी तोच उठला.

उचलली त्यांनी सगळी. ज्याला जाळायचं त्याला जाळलं, लेकरांना पुरलं, ज्याची रीत त्याला. पाळकसाहेबांनी बी खांदा दिला. जालन्याच्या दवाखान्यातून लाल औषध आणून आडात टाकलं. जे जिवंत होते त्यांना बाया पाणी उकळून पाजायच्या. भागाबाई म्हणून एक कुणब्याची म्हातारी होती, एकटी पडलेली. मायच्या हातचं पाणी घटाघटा प्याली अन् मायचं मनगट धरून म्हणली, "शेवंते, कुणाला सांगू नको गं बाई."

माय म्हणली, "आत्या, आधी जगा तर. मंग ठरवू काय सांगायचं."

जगली ती. पुढं रस्त्यात माय दिसली की पदर सावरून बाजूला व्हायची.

आपली बी माणसं गेली. तुझा थोरला भाऊ, शमुवेल, त्यातच गेला. तो सरणाला लाकडं वाहायचा. काका स्वतः पडला, उठला तो नुसता सापळा. वर्षभर त्याच्यानं कुळव धरवंना. घरात तुम्ही लेकरं. हे ध्यानात ठेव, पुढं लागंल.

त्या साली शाळू बरा आला. देवळात हंगामाचा सण होता. ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं काही आणायचं, कुणी भोपळा, कुणी अंडी, अन् ते देवापुढं ठेवायचं. गाणं चालू असताना बाहेर गाडी थांबली. पाटलाच्या गड्यानं पेंढ्यांचा ढीग दारात उतरवला, टपोऱ्या कणसांचा. "गावानं धाडलंय," एवढंच बोलला अन् गेला. पाळकसाहेबांच्या डोळ्याला धारा लागल्या. म्हणले, "बघा, ज्यांनी आपली सावली टाळली त्यांनी आज देवाला अर्पण पाठवलं." स्वतःच्या हातानं एक एक पेंढी आत नेऊन वेदीपाशी लावायला लागले.

आबा उभा राह्यला. "साहेब, हे परत धाडा."

"याकोबराव, आभाराचं दान परत करत नसतात."

"हे दान न्हाई."

"मग काय आहे?"

आता बलुतं काय ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. पाळकसाहेबांसारख्या बाहेरच्या माणसाला ते भर देवळात, गाण्याच्या मधात कसं समजवावं? लोक आबाकडं बघून राह्यले, की हा सणाच्या दिवशी काय काढून बसला. लेकरांची नजर कणसांवर. प्रार्थना झाली, आमेन झालं. कणसं मळली, दाणे भुकेच्या घरात वाटले. किसनकाकाच्या घरात जास्त गेले, अन् ते बराबरच होतं.

पुढच्याच महिन्यात पाटलाचा बैल मेला. पाटलाचा गडी आपल्या वाड्याच्या तोंडाशी येऊन ओरडला, "ए लख्या! चला, बैल ओढायचाय." देवळात याकोबराव, गावात लख्या.

आबा म्हणला, "आम्ही ते सोडलं."

"सोडलं? मंग पेंढ्या कशाच्या हाणल्या?"

पाळकसाहेबांना तेव्हा कळलं. बिचारे तसेच, डोक्याला टोपी न्हाई, पाटलाकडं गेले. आबा अंगणाच्या बाहेर उभा होता, त्यानं ऐकलेलं सांगते. साहेब म्हणले, "पाटील, ते दान होतं असं समजून आम्ही घेतलं."

पाटील रागावला न्हाई. हसून बोलला. "साहेब, दान बामणाला देत्यात. ह्यांना बलुतं देत्यात. तुमचा देव नवा असंल, गाव जुनं हाय."

मंग मंडळीनं ठरवलं, जवारी परत करायची. बायांनी गाडगी पालथी केली. जे खाल्लं गेल्तं त्याच्या बदल्यात कुणी उसनं आणलं, कुणी बी-बियाणं काढलं. पोतं भरून चावडीपुढं नेऊन ठेवलं. तर गाव म्हणलं, तुमच्या घरात जाऊन आलेली जवारी आम्ही घरात कशी घ्यावी? कुणी हात लावला न्हाई. पोतं तिथंच पडून राह्यलं. शेळ्यांनी फाडलं, चिमण्यांनी खाल्लं, अवकाळी पाऊस आला अन् त्यातून कोंब फुटले. देताना आपल्या हातात पडली ती चालली, घेताना आपला हात लागलेला चालंना. अशी गाठ की कुणीकडून सुटायची न्हाई.

बैल दोन दिवस गोठ्याबाहेर पडून होता. किसनकाकानं कुणाला न विचारता दोर घेतला अन् एकट्यानं ओढत नेला. त्या काठीसारख्या अंगानं. आबानं वाटेत गाठला. "किसना, शब्द दिल्ता आपण."

काका थांबला बी न्हाई. "शब्दानं शमुवेल वाचला न्हाई दादा. जवारीनं बाकीची वाचली. खाल्लंय मी, आता ओढतो."

पुढच्या रविवारी देवळात बोलणं निघालं, की शब्द मोडणाऱ्याला प्रभुभोजनाला, प्रभूच्या नावानं भाकर वाटतात त्याला, बसू द्यायचं का? कुणाच्या तोंडातून निघालं ते सांगत न्हाई, ती माणसं गेली. वडील मंडळींनी न्हाई म्हणून हात वर केले. आबानं बी केला. काका मागं दारापाशी बसल्ता, मांडीवर तू. उठला अन् गेला. तुला सांगितलंय ते हेच. ते खरं हाय, सगू, मी झाकत न्हाई.

बाकीच्यांनी ओढायचं नाकारलं तर गावानं पाणी तोडलं, मजुरी तोडली, वाणी मीठ देईना. पाळकसाहेब जालन्याला, तहसीलला हेलपाटे घालून थकले. कुणी मुंबईला गेलं, कुणी मनमाडला. आम्ही इकडं आलो. दोर हातात घेतलेले तेवढे राह्यले.

आता आम्ही इथं काय मिळवलं? आबा रेल्वेच्या यार्डात कोळसा उचलायला लागला. तिथं कुणी लख्या म्हणलं न्हाई, ठेकेदार नुसतं "ए बुढ्ढे" म्हणायचा. मायनं पलटणीतल्या दवाखान्यात आयाचं काम धरलं. सकाळी नलावर तेलुगू बायांची भांडणं, त्यातच मी भाषा शिकले. मला इथं सारम्मा म्हणतात. चिंचेच्या चारूसंगं, म्हणजे पातळ सारासंगं, भात खाती मी, भाकर थापायला घेतली की सून म्हणती, "अत्तम्मा, खांदा दुखंल, राहू दे." देऊळ मोठं, दगडाचं, बाकडं हायेत. उपाशी माणसाला तिथंबी तांदूळ मिळतो, अन् कुणाच्या दारात कुणी पेंढ्या टाकत न्हाई. तरी माय मरेपर्यंत पिठाची मूठ बाजूला काढायची अन् मंग आठवायची की इथं मडकंच न्हाई. परत पिठात टाकायची.

आता उरलेलं अर्धं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

इथल्या मंडळीनं बी आबाला वडील केलं. पेद्दा म्हणतात त्याला. बस्तीतला एक माणूस होता, पोचय्या. घरात दाणा नव्हता म्हणून तो एका मयतीत डफ वाजवायला गेला. तेच, जुनं जातीचं काम. त्याला प्रभुभोजनातून काढायचं म्हणून बैठक बसली. सगळ्यांनी हात वर केले, अन् आबाच्या हाताची वाट बघायला लागले. मी मागं बायांत होते. आबा उठला. त्याला तेलुगू धड येत नव्हती, मोडकं मोडकं बोलला. "ह्याच्या घरी चूल कधी पेटली, ते आधी विचारा. मी एकदा न विचारता हात वर केला. माझा भाऊ गेला." बसला न्हाई परत. सरळ मागं आला, अन् दारापाशी, जिथं चपला काढतात तिथं जमिनीवर बसला. त्या दिवसापासून मरेपर्यंत आबा तिथंच बसला. लोक म्हणायचे, पेद्दय्या, पुढं या. तो म्हणायचा, "माझा भाऊ इथं बसल्ता."

दरसाल सुगीच्या दिवसांत म्हणायचा, "यंदा जाऊन येतो किसनाकडं." कधी सुट्टी न्हाई, कधी खर्चा न्हाई, अन् सगळं असलं की धीर न्हाई. "तोंड वळवलं होतं गं मी," म्हणायचा. मंग रझाकारांची धामधूम आली, गाडीत बसायची कुणाची छाती होईना. त्याच उन्हाळ्यात आबा वारला. पोलीस ॲक्शन झाल्यावर रस्ते मोकळे झाले, तेव्हा गावाकडच्या एका माणसाकडून कळलं, की काका त्याच्या वर्षभर आधीच वारल्ता. म्हणजे शेवटच्या साली आबा ज्याच्याकडं जायचं म्हणत होता, तो नव्हताच.

माझ्या दोन्ही पोरांना ते गाव माहीत न्हाई. ती म्हणतात, अम्मा, जिथनं हाकललं त्याला घर काय म्हणायचं? बरोबर हाय त्यांचं. मला त्या वेशीची, त्या चावडीची काही ओढ न्हाई. पण जिला मी न सांगता माझ्या बापाचं दुःख कळावं अन् जिच्या बापाचं मला कळावं, अशी एकटी तूच उरलीस. मला घर म्हणावं असं आता तेवढंच हाय.

तेव्हा हट्ट सोड. पोराला सांग, पुढच्या खेपेला ट्रकात मायला पुढं बसवून आण. न्हाई तर परतूरहून गाडी सरळ येती, मी स्टेशनावर येऊन बसती. माझे गुडघे धरलेत, मला तिकडं येणं होत न्हाई आता. रविवार धरून ये. देवळात दोघी पुढच्या बाकड्यावर बसू, अन् प्रभुभोजनाची भाकर फिरत आली की आधी तू घे, मंग मी घेती. ये बाई. जल्दी ये.